मागच्या खोलीची कडी

हे घडलेलं आहे. ऐकून काहीजण हसले, काहींनी विषय बदलला. तरी सांगतो.

रविवारची दुपार होती. लख्ख उजेडाची. घर चष्मेवालीच्या भावाचं. ती लहानाची मोठी झाली ते हेच घर.

ती दुकानात चष्म्याच्या काचा घासते, म्हणून सगळे तिला चष्मेवालीच म्हणतात. चाळिशीला आली, पण अजून बाथरूमचं दार पूर्ण लावत नाही. पाठीमागे कोणी उभं राहिलं की हातातली काच निसटते. लग्न टिकलं नाही. नवऱ्याला कारण कधी सांगताच आलं नाही.

कारण मामा होता.

ती सात वर्षांची असताना मामा मागच्या खोलीत राहायचा. तिला आत बोलवायचा आणि आतून कडी लावायचा.

तिनं आईला सांगितलं, तेव्हा आईनं तिच्याच थोबाडीत दिली. "मोठ्या माणसाबद्दल असं बोलतात?"

आता तोच मामा परत राहायला येणार होता. रिटायर झालेला, एकटा. वहिनी कामावर असली की चिमणीला, म्हणजे भावाच्या मुलीला, तो सांभाळणार होता.

"तुला सगळं माहीत आहे," चष्मेवाली भावाला म्हणाली.

"ताई, किती वर्षं झाली. कशाला उकरून काढतेस? म्हातारा झालाय तो."

"चिमणी सहा वर्षांची आहे."

"काय उकरून काढताय?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही गं. जुनं भांडण," भाऊ म्हणाला.

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

चष्मेवालीला वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून सुतार बाहेर आला. दाराला आतून कडी हवी, असं मामानंच फोनवर सांगितलं होतं.

"कडी टिकत नाहीये," सुतार म्हणाला. "लावतो, वळतो आणि... खाली पडलेली असते. स्क्रूसकट."

भाऊ वैतागून उठला. सगळे मागोमाग गेले. सुतारानं त्यांच्यासमोर कडी पक्की बसवली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

खोलीत कोणी नव्हतं.

आणि तरी आतून...

टक. टक.

आवाज खालून येत होता. कमरेच्याही खालून. लहान मुलाचा हात पोचेल तिथून.

भावानं दार ढकललं. रिकामा पलंग. बंद खिडकी.

कडी फरशीवर पडली होती.

"ती मुलगी आहे ना आत," मागून चिमणी म्हणाली. "तिची एक वेणी सुटलीय. आत्यासारखी दिसते."

वहिनीनं चिमणीला जवळ ओढलं.

"ती म्हणते... आजीला सांगू नको. सांगितलं की आजी मारते."

हे चिमणीला कोणीही सांगितलेलं नव्हतं. आईच्या हातातली जुडी गळून पडली.

सुतारानं गुपचूप हत्यारं गोळा केली आणि निघून गेला.

"ताई, तुम्ही बोला," वहिनी म्हणाली. "मी ऐकतेय."

इतक्या वर्षांत असं म्हणणारी ती पहिलीच. चष्मेवालीनं सगळं सांगितलं. न रडता. वहिनीनं तिथल्या तिथे मामाला फोन लावला. "तुम्ही इथे यायचं नाही."

"लोक काय म्हणतील?" आई पुटपुटली.

"तेव्हा दार उघडायला आली असतीस, तर एवढंही करावं लागलं नसतं," चष्मेवाली म्हणाली.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण मामा चष्मेवालीच्या मावसबहिणीकडे राहायला गेला. तिला दोन लहान मुलं आहेत. चष्मेवाली तिथे गेली. मावसबहीण दाराच्या फटीतूनच बोलली, "आमच्या घरात तसलं काही होत नाही."

मग ती चौकीत गेली. पोलिसांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी? आणि त्या मुलांना काही झालंय का?"

"काही होईपर्यंत थांबायचं का?" तिनं विचारलं. त्यांनी तिला बाकावर बसायला सांगितलं. ती संध्याकाळपर्यंत बसून होती.

भावाच्या घरी मागची खोली आता शांत आहे.

"ती गेली," चिमणी म्हणते.

"कुठे?"

"त्या दुसऱ्या घरी. पण तिथे... तिचं कोणाला ऐकूच येत नाही म्हणे."

चष्मेवाली अजून दर रविवारी मावसबहिणीकडे जाते. बेल वाजवते. परत वाजवते.

दार उघडत नाही.

फक्त आतल्या टीव्हीचा आवाज... थोडा मोठा होतो.