दोन सेकंद आधी

भिंतीपलीकडचं हसू माझ्या टीव्हीवरच्या विनोदाच्या दोन सेकंद आधी यायचं. मी स्टॉपवॉच लावून मोजलं होतं. अकरा विनोद, सरासरी दोन पूर्णांक एक दशांश सेकंद.

कारण साधं होतं. माझ्याकडे नवा डिजिटल बॉक्स, शेजाऱ्याकडे जुना अँटेना. साथीमुळे फिलिपिन्समधलं आमचं इलोइलो शहर बंद होऊन तीन आठवडे झाले होते. नवी चित्रीकरणं थांबली, म्हणून चॅनेलने वीस वर्षांपूर्वीची 'बेटावरची टपालवाली' ही मालिका रोज संध्याकाळी पाचला पुन्हा लावली होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासून यायचं, अंघोळ करायची, टीव्ही लावायचा... शीर्षकगीताच्या पहिल्या सुरालाच माझे खांदे सैल व्हायचे. ही मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आठ वर्षांची होते.

शेवटी एकदा मी गॅलरीत गेले. तो कपडे वाळत घालत होता. मधे खांद्याइतकं प्लायवूड, आणि मास्कच्या वर दिसणारे दोन डोळे.

"ऐका, जरा उशिरा हसाल का?"

"म्हणजे?"

"तुम्ही आधी हसता. विनोद मला नंतर कळतो."

"मग रडतानाही आवाज बंद ठेवू का, मॅम?"

"तुम्ही रडता?"

"काल टपालवालीच्या बाबांचं पत्र आलं ना, तेव्हा... थोडंसं. डोळ्यात इंजिनाचं तेल गेलं होतं समजा."

त्याचं नाव रोमेल. गिमारास बेटाच्या फेरीबोटींवर मेकॅनिक. बोटी बंद पडल्या आणि तो इकडच्या काठावर अडकला. त्याची आई मालवाहू बोटीतून आंबे पाठवायची. न्हाणीघरातला ताबो, म्हणजे दांड्याचा तांब्या, झाडूच्या काठीला बांधून तो त्यातून एकेक आंबा माझ्याकडे सरकवायचा.

"काठी दीड मीटरची आहे," तो म्हणाला. "तुमच्या अंतराच्या नियमात बसते का?"

"मोजून सांगते."

"मोजाल, खात्री आहे माझी."

चौथ्या आंब्यापर्यंत आम्ही एकमेकांना 'तू' म्हणू लागलो होतो.

मला त्या मालिकेचा शेवट ठाऊक नव्हता. शेवटच्या भागाच्या दिवशी आमच्या गावात वादळ आलं आणि नऊ दिवस वीज गेली. टपालवाली शहराच्या बोटीत चढली की बेटावरच राहिली? रोमेलने तो भाग पाहिला होता.

"सांग ना."

"वीस वर्षं थांबलीस, अजून चार दिवस थांब."

"एवढं तरी सांग, शेवटी तू हसतोस की रडतोस?"

"ते तुला दोन सेकंद आधी कळेलच."

माझंही एक उत्तर अडकलं होतं. डब्लिनच्या एका हॉस्पिटलने जानेवारीत मला नोकरी देऊ केली होती. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मनिलाहून ताईचा रोज फोन यायचा. "डेल्फी, लोक अशा नोकरीसाठी नवस बोलतात, आणि तू सीरियल बघत बसलीस?"

"शुक्रवारी सांगते, ताई."

रोमेलला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातली काठी थोडी खाली गेली.

"डब्लिनला आंबे मिळतात?"

"मिळत असतील. महाग."

"मग कसलं आलंय ते गाव!" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "मी काही म्हणू?"

"नको."

"मग नाही म्हणत. बघ हं... काहीच म्हणत नाहीये."

शुक्रवारी पाच वाजता शेवटचा भाग सुरू झाला. पोस्टमास्तरांनी पहिला विनोद केला. भिंत गप्प. दुसरा विनोद झाला, तरी गप्पच. मी घाबरून गॅलरीत धावले.

"रोमेल! ताप आलाय का?"

"नाही गं. टीव्ही बंद केलाय." तो प्लायवूडला टेकून उभा होता. "मी हसलो किंवा रडलो असतो तर तुला आधीच कळलं असतं. आज तुझं तू बघ. मी इथून तुझ्याच टीव्हीचा आवाज ऐकतोय."

म्हणजे आज पहिल्यांदाच आमची वेळ एक होती.

दारातून टीव्हीचा पडदा दिसत होता. बोट धक्क्याला लागली होती. टपालवालीचं एक पाऊल फळीवर होतं. मला आठवला जानेवारीतला तो दिवस. डब्लिनचं पत्र वाचलं, आणि मनात पहिला विचार आला तो माझ्या सूक्ष्मदर्शकाचा... त्यावर उद्या दुसरं कोण बसेल? तेव्हा मी रोमेलला ओळखतही नव्हते. क्रम नीट लक्षात ठेवायला हवा.

मी टीव्हीकडे पाठ केली.

"अगं, तिकडे बघ! चुकेल!"

"चुकू दे. आज मला आधी बोलायचंय."

मागे बोटीची शिट्टी वाजली. त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"मी जात नाही, रोमेल. माझं काम इथे आहे, हे मला जानेवारीपासूनच माहीत होतं. तोंडातून निघत नव्हतं इतकंच. आणि दुसरं कारण... ते एप्रिलमध्ये आलं. दीड मीटरवर उभं आहे."