गुडाखूची डबी

सुपेल्याच्या बाजारामागे शालिकरामचं गॅरेज होतं आणि तिथे दोनच कामं होत, ब्रेक आणि स्टेअरिंग. इंजिनाचं रडगाणं घेऊन कुणी आलं की तो हात जोडायचा. "गाडी चालवनारे लय हायेत भाऊ, थांबवनारा मी एकटाच," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. फुशारकी होती, पण खोटी नव्हती.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पायडल दाबणारं, दुसरं गाडीखाली पडून चाकाजवळचं निपल उघडणारं. शालिकरामकडे सीटवर त्याची बायको रंभा बसायची. तो खालून म्हणायचा, "दाब." ती वरून म्हणायची, "दाबलं." पस्तीस वर्षांत या दोन शब्दांत कधी चूक झाली नव्हती.

त्या फेब्रुवारीत हथखोजच्या पंजाबरावांची बासष्ट सालची अँबॅसेडर दोरीने ओढत गॅरेजात आणली. शालिकरामच्या एकुलत्या एका पोरीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं होतं. होणारा जावई मोहित जुन्या गाड्यांचा मोठा शौकीन. नवरी मी स्वतः अँबॅसेडर चालवत राजनांदगावला नेणार, असं त्याने जाहीरच करून टाकलं होतं. पंजाबराव म्हणाले, "शालिक, ब्रेक-स्टेअरिंग नवं कर आन् गाडी घेऊन जाय. समीक्षा मले नातीसारखीच हाय." आता बोला! नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणायला कारण होतं. पण ते त्याने अडतीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. रंभालासुद्धा नाही, कारण ती गोष्ट लग्नाआधीची.

नत्थू पंजाबरावांचा ड्रायव्हर होता. एका रविवारी तो याच गाडीत ब्रेक ऑइल भरायला आला. दुकानं बंद. शालिकरामच्या खोलीत स्टील प्लांटातून कुणीतरी जेवणाच्या डब्यातून लपवून आणलेलं हायड्रॉलिक तेल होतं. खुर्सीपारच्या त्यांच्या चाळीत ते दाराच्या कडीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे चालायचं. पोरसवदा शालिकरामने तेच ब्रेकमध्ये ओतलं. त्या तेलाने ब्रेकचं रबर फुगतं आणि सडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी नत्थू गाडीसकट उभ्या ट्रकवर आदळला आणि जागीच मेला. ड्रायव्हर प्यायला असेल, असं लोकांनी ठरवून टाकलं. बिचारा पिकल्या केसांचा नत्थू दारूला शिवतसुद्धा नव्हता. गुडाखू सोडलं तर त्याला एकही व्यसन नव्हतं. शालिकरामला सगळं कळलं होतं, तरी तो तोंडाला कुलूप लावून बसला. गाडी दुरुस्त झाली, पण पंजाबरावांनी ती पुन्हा रस्त्यावर काढली नाही.

त्याने आधी स्टेअरिंग घेतलं. चाक चार बोटं फिरवलं तरी टायर ढिम्म हलत नव्हते. स्टेअरिंग बॉक्स उघडला, तर ग्रीसच्या जागी काळपट तपकिरी लगदा. आणि ओला! अडतीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी, ओल आली कुठून? बोटाने उकरलं तर दोन पांढरे केस निघाले आणि भपकन वास आला गुडाखूचा. तंबाखू आणि गुळाचा हा लगदा इकडे लोक सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर चोळतात. हा वास ताज्या डबीचा नव्हता. कुणीतरी चोळून थुंकल्याचा होता. शालिकरामने बोट फडक्याला पुसलं. त्याने अख्खा बॉक्सच बदलला.

ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्याची चपटी डबी सापडली. झाकणाला एका बाजूने पोचा पडलेला. ती त्याने लगेच ओळखली, नत्थूची. पक्कडीत धरून नेली आणि गॅरेजमागच्या नालीत फेकली.

मग ब्रेक. पुढे डिस्क बसवल्या, बूस्टर लावला, नळ्या नव्या. जुनं वायसरसुद्धा ठेवलं नाही. सीलबंद बाटलीतलं स्वच्छ ब्रेक ऑइल भरलं आणि तो गाडीखाली सरकला.

"दाब."

"दाबलं."

निपलमधून फेस आला. तपकिरी, चिकट, कोमट. तो मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, त्याला तार सुटली. शी, शी! थुंकी होती ती. कुणी अंगावर थुंकल्यासारखा शालिकराम बाहेर आला आणि मोरीवर हात घासत राहिला. सगळं तेल काढून टाकलं, नवं भरलं. पुन्हा तेच.

"अवो," रंभा वरून म्हणाली, "पायडल तर जमिनीलेच टेकून राहिलं. आन् माह्या पायाखाली हे कायची डबी ठेवली तुमी?"

तो उठला. रंभाने पदराच्या टोकात तीच, नालीत फेकलेली डबी धरली होती. "शी! वली हाय हे."

त्याने ती घेतली आणि बाहेर स्टुलावर ठेवली. रंभाने पायडल दाबलं. ते थेट खाली गेलं.

डबी सीटखाली ठेवली. पायडल दगडासारखं घट्ट. निपलमधून स्वच्छ तेल.

पुन्हा बाहेर. पायडल खाली.

पुन्हा आत. घट्ट.

मेकॅनिक माणूस. त्याने तीनदा तपासलं.

"कोनाची हाय हे?" रंभाने विचारलं.

"मले काय माहीत."

"मंग पायडल कावून असं करून राहिलं?"

"हवा होती. निघाली."

बोलताना त्याच्या तोंडाला तंबाखू-गुळाची चव आली. त्याने चूळ भरली. ती जाईना.

डबी फडक्यात गुंडाळून त्याने सीटखाली सारली आणि गाडी कुम्हारीपर्यंत नेऊन आणली. ट्रकमागे, उतारावर, गिट्टीवर, जिथे दाबला तिथे ब्रेक लागला. त्याने मनाला समजावलं, गाडी थांबते ना, मग झालं. गाडी द्यायची नाही तर कारण सांगावं लागेल. सगळं सांगायला तो पंजाबरावांच्या फाटकापर्यंत गेलाही. ते बाहेर आले तेव्हा म्हणाला, "गाडी मस्त बनली, पंजाबरावजी." स्वतःच्या जिभेची त्याला किळस आली.

हळदीच्या दिवशी तो समीक्षाजवळ बसला. "बेटा, गाडीत एक डबी हाय..."

"कौनसी डबी, बाबा?"

अंगभर हळद लावून पोर हसत होती. तो म्हणाला, "काई नाही."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बिदाई झाली. रंभाने चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मोहितने रुबाबात गाडी काढली, गल्लीच्या तोंडाशी थांबवली, हात दाखवला. ब्रेक सुरेख लागला. सगळे रडत होते, शालिकराम फक्त चाकांकडे बघत होता.

तासाभराने समीक्षाचा फोन आला.

"बाबा, गाडी एकदम मक्खन चालून राहिली. बस, सीटखालून इतकी गंदी बास येत होती ना, मले उलटीच होनार होती. कोनाची तरी गुडाखूची डबी होती. शिवनाथच्या पुलावरून नदीत फेकून दिली मी."

शालिकरामने फोन दोन्ही हातांनी धरला. "बेटा, मोहितले म्हन, गाडी थांबव. आत्ताच."

"थांबवूनच राहिले ते. समोर ट्रक उभा हाय ना."

तिच्या आवाजामागे त्याला तो आवाज ऐकू आला. फच्च. फच्च. पायडल जमिनीला टेकल्याचा.

"दाब!" तो ओरडला.

"दाबलं," फोनमधून उत्तर आलं.

आवाज समीक्षाचा नव्हता. मोहितचाही नव्हता. तोंडात गुडाखू धरून, थुंकी सांभाळत कुणी बोलावं, तसा होता.