तीन उलटे टाके

मंगळवारी सकाळी अकराला शोकसभा होती आणि मी रागातच तिथे गेलो. मी वायरमन आहे. ज्या शिवणखोलीतल्या धुराने माझ्या काकांचा जीव घेतला, तिथल्या भिंतीतली वायर कुजली आहे, हे मी मॅनेजरला एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा त्याने मला चहा पाजला. वायर काही बदलली नाही.

खोलीला नवा रंग दिला होता, तरी त्याखालून जळक्या कापडाचा वास येतच होता. मशीनं भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर काकांचा फोटो. फोटोतही त्यांनी हसू कसंबसं दाबलेलं.

काका इथे सव्वीस वर्षं मास्तर होते. तोंडात भजन आणि पायाखाली मशीन, दोन्ही एकाच ठेक्यात चालायचं. कारखान्यात त्यांच्या दोन सवयी सगळ्यांना माहीत. एक म्हणजे, इस्त्रीच्या टेबलावरून उठताना इस्त्रीची वायर उपसून ते खिशात घालायचे. पाणी प्यायला उठले तरी. कितीदा तरी ती तशीच घरी यायची आणि काकू दारातच गरजायची, "आणलंत पुन्हा ते शेपूट?" काका म्हणायचे, "अगं, तुझ्या भीतीने पायांत घालूनच येतो!"

दुसरी सवय म्हणजे खोडी. कुणी थाप मारली की त्याचा कोट गुपचूप उचलून काका खिसाच शिवून टाकायचे. बारीक टाका, शेवटाला तीन उलटे टाके, आणि दोरा तोडायचा तो दातांनी. कात्री मांडीवर असली तरी दातांनीच. "थापाड्याचे हात बाहेर दिसलेले बरे," म्हणायचे आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. लहानपणी माझेही तीन खिसे असे बंद झाले होते.

असा माणूस! आग लागली तेव्हा ते जिना उतरून खाली पोचलेले. पण काजं करणाऱ्या मावशीला ऐकू येत नाही, हे आठवलं आणि उलटे वर गेले. मावशी वाचली. आज ती पहिल्या रांगेत बसली होती.

मॅनेजरने कोटाच्या आतल्या खिशातून चष्मा काढला, भाषणाचा कागद वाचला. "मास्तर आमच्या घरचेच होते," वगैरे. मग चष्मा परत खिशात ठेवून तो काकूजवळ येऊन बसला.

"वहिनी, एवढ्या एका कागदावर सही द्या. मास्तरांकडून इस्त्री चालू राहून गेली, त्यातून आग लागली. माणूस आहे, होते चूक. आपण विषय संपवू."

माझं डोकंच फिरलं. "चूक? कुणाची चूक?"

काकू मात्र शांत होती. "हे इस्त्री चालू टाकून उठले म्हणता? मग शेपूट कुठे गेलं?"

"कसलं शेपूट?"

"वायर. ह्यांच्या खिशात असणार ती."

"हॉस्पिटलने दिलेल्या कपड्यांत होती का?"

नव्हती. ती पिशवी मीच उघडली होती.

"होती!" ओठांकडे बघत बसलेली मावशी मोठ्याने म्हणाली. तिचं बोलणंच मोठं. "मला जिन्यात ढकललं ना, तेव्हा खिशातून लोंबत होती. मी पाहिली!"

"मावशी, तुम्ही घाबरल्या होत्या," मॅनेजर ओठ मोठे हलवत म्हणाला आणि पेन काढायला आतल्या खिशाकडे हात नेला.

हात तिथेच अडला.

त्याने खाली पाहिलं. पुन्हा बोटं सरकवली. मग कोट उघडून धरला.

खिसा शिवलेला होता.

पाच मिनिटांपूर्वी चष्मा त्याच खिशात गेला होता. कोट सगळा वेळ त्याच्या अंगात होता. आणि त्याच्या जवळ काकू सोडून कुणी बसलं नव्हतं. काकूचे दोन्ही हात मांडीवर होते.

मागे कुणीतरी हसलं. लगेच गप्प झालं.

मावशी उठली. तिने टाक्यांवरून अंगठा फिरवला, टोकाशी थांबली आणि मोजलं. "एक, दोन, तीन."

मॅनेजरने टेबलावरची कात्री ओढली. घाईत टाक्यांबरोबर अस्तरही फाटलं.

चष्मा पडला. पेन पडलं.

त्यामागून इस्त्रीची वायर घसरत खाली आली. वरचं कापड करपलेलं, दोन्ही टोकं शाबूत.

"ही इथे कशी?" तो पुटपुटला. "ही तर मी कपाटात... कुलूप लावून..."

पुढे त्याला बोलावं लागलं नाही. खोलीभर माणसं ऐकत होती. काकूने त्याच्या कागदाची सावकाश चौघडी केली, ती वायरीभोवती गुंडाळली आणि दोन्ही पिशवीत टाकून उठली.

दुपारी घरी आल्यावर ती वायर तिने खुंटीवर अडकवली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

"अरे, पुन्हा एकदा सांग ना. शेवटी तू जवळ होतास. काय म्हणाले?"

हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावरच ती तगली होती. "हसले, काकू. म्हणाले, तिला सांग, शेपूट आणायचं राहिलं. माझा हात हातात होता."

ती डोळे मिटून हसली.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. देवाला तेवढं माहीत.

डोळे पुसायला मी शर्टाच्या खिशातल्या रुमालाकडे हात नेला. बोटं आत जाईनात.

मी खाली पाहिलं नाही. नुसता अंगठा शिवणीवरून टोकापर्यंत नेला आणि टाके मोजले.

दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.