पाणी न पिणारी गाडी

इंजिन खोकलं, थरथरलं, पुन्हा खोकलं… आणि चक्क चालू झालं!

"बाबा!" गाडीच्या मागे उकिडवी बसलेली चिंगी किंचाळली. पुढे स्टिअरिंगशी बसलेल्या बाबांनी किल्लीवरचा हात काढलाच नाही. काढला आणि बंद पडली तर? इतक्या वर्षांनी सुरू झालेल्या गाडीचा काय भरवसा! गॅरेजमध्ये पांढराशुभ्र धूर कोंदला, दारातून बाहेर पडला, गल्लीत पसरला…

आणि त्या धुरातून एक उंच माणूस धावत आत आला. एका हातात आग विझवायचा लाल सिलिंडर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी.

"बाजूला व्हा!"

"अहो, थांबा, ती आग नाही—"

फस्स्स्!

पांढऱ्या पावडरचा लोट थेट इंजिनावर गेला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते गप्प झालं. चिंगी नखशिखांत पांढरी. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हातातला पाना पांढरा. जिन्याच्या दारात उभी असलेली आई म्हणाली, "अगं बाई, ही तर गिरणीत पडल्यासारखी दिसतेय!"

"काय केलंत तुम्ही हे?" चिंगीचा आवाज चढला. "जाम झालेलं इंजिन सुटावं म्हणून आम्ही आत तेल सोडलं होतं. तेच जळत होतं. नुसता धूर होता तो!"

माणसाने सिलिंडर खाली ठेवला. पिशवीतून एक टोमॅटो निसटून गाडीखाली घरंगळला. तो टोमॅटोकडे बघत राहिला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"मला वाटलं… म्हणजे, मी अग्निशमन दलात आहे. पलीकडच्या इमारतीत नवीन राहायला आलोय."

"म्हणजे आग ओळखणं हा तुमचा धंदा!"

"हो," तो ओशाळून म्हणाला, "आज धंद्यात खोट आली."

बाबा गाडीतून हसू लागले. ते असे मोठ्याने हसले त्याला कितीतरी दिवस झाले होते, म्हणून चिंगीने हातातला पाना खाली ठेवला.

ही गाडी बाबांची. गोल पाठीची, बेडकासारख्या डोळ्यांची. इंजिन मागे आणि सामान पुढे, म्हणून आई तिला उलट्या डोक्याची म्हणायची. आणि नवीन असताना बाबा सगळ्यांना अभिमानाने सांगत, "हिला पाणी लागत नाही, ही वाऱ्यावर थंड होते." पुढे केव्हातरी ती बिघडली, बाबांनी ढकलत गॅरेजमध्ये लावली आणि 'उद्या बघू' म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. मग बाबांच्या हातांना कंप सुटला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला, तेव्हा एक दिवस ते सहज म्हणावं तसं म्हणाले, "चिंगे, ती गाडी देऊन टाकू आपण." तो 'सहज' चिंगीला खोटा वाटला. दुसऱ्याच दिवशी तिने पान्यांचा डबा उघडला. बाबा स्टुलावर बसून सांगायचे आणि ती करायची.

तशी चिंगी जन्माची घाबरट. थोरला भाऊ तिला 'चिंती' म्हणून चिडवायचा. ती औषधांच्या दुकानात नोकरीला होती. गोळ्यांची पट्टी पुनःपुन्हा वाचल्याशिवाय तिच्या हातून सुटायची नाही, आणि सुटली तरी रात्री अंथरुणात तिला वाटायचं, बरोबर दिली ना? आई म्हणायची, "ही पोरगी वारा पडला तरी घाबरते आणि सुटला तरी घाबरते."

त्या संध्याकाळी तिला एकच धास्ती होती. ती पावडर इंजिनाच्या पातळ पात्यांमध्ये गच्च बसली होती. त्या पात्यांमधूनच वारा खेळायचा, त्यावरच इंजिन थंड राहायचं. फट बुजली की इंजिन तापून संपलंच. शिवाय दमट हवेत ती पावडर धातू खाते.

दुसऱ्या दिवशी दारात तो उभा होता. हातात दात घासायचे दोन नवे ब्रश.

"एक माझा, एक तुमचा," तो म्हणाला. "घाण मी केलीय, साफ मीच करतो. पण एकट्याने पुरं होईलसं वाटत नाही."

"तुम्हाला रोज वेळ आहे?"

"कामाची पाळी बदलते. कधी सकाळ, कधी संध्याकाळ." तो थांबला. "आणि मध्ये कोणी बोलावलं नाही, तर…"

तो 'तर' तिच्या मनात रुतून बसला.

मग रोजचं सुरू झालं. तो एका बाजूने पाती घासायचा, ती दुसऱ्या बाजूने. बाबा स्टुलावरून दोघांना दटावायचे. गॅरेजच्या पत्र्यावर कधी पावसाची भुरभुर वाजायची आणि ओल्या मातीचा वास तेलाच्या वासात मिसळायचा. चिंगीने त्याचं नाव ठेवलं 'बंब'.

"बंब, तिकडची फट राहिली."

"राहिली नाही. तुमच्या बाजूने दिसत नाहीये."

"मग इकडून बघा."

"इकडून फक्त तुमची वेणी दिसते…"

ब्रश थांबले. बाबा अचानक खोकले आणि पाणी प्यायला म्हणून वर गेले. पाण्याने भरलेला गडवा स्टुलाशेजारीच होता.

बंबनेच सांगितलं की पेट्रोलची जुनी नळी बदलायला हवी. "या गाड्या मी विझवल्यात," तो म्हणाला, तेव्हा त्याचा थट्टेचा सूर गेला होता. "नळी म्हातारी होते, चिरते, पेट्रोल थेट तापल्या इंजिनावर गळतं." त्याने नवी नळी आणली, दोन्ही टोकांना क्लिपा लावल्या आणि स्क्रू आवळले. चिंगी दिवा धरून उभी होती. मध्येच केसांची बट तिच्या डोळ्यांवर आली. हात तेलकट, म्हणून ती फुंकर मारून उडवत राहिली. त्याने वर पाहिलं… आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

पण सुखही चिंगीला धड सुखाने लाभायचं नाही. दुकानासमोरून घंटा वाजवत आगीचा बंब गेला की तिची मोजणी चुकायची. आत तो असेल का? कुठे गेले असतील? एका संध्याकाळी तो आलाच नाही. तिने पाने पुसले, परत पुसले. आई वरून म्हणाली, "घासून घासून झिजवशील गं त्यांना." दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याची अर्धी भुवई जळालेली होती.

"हे काय?"

"काही नाही. जरा जवळ गेलो होतो."

"जरा?" तिने हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "काही झालं असतं म्हणजे? इथे माणसं वाट बघत बसतात, कळतं का तुला?"

'तुला' तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. दोघांनाही ते ऐकू आलं. त्याने फडक्याची नीट घडी घातली, जणू जगात तेवढंच काम उरलंय.

"कोण कोण वाट बघतं?" त्याने हळूच विचारलं.

"बाबा," ती म्हणाली आणि पाठ फिरवली. कानशिलं गरम झाली होती.

शेवटी गाडी रस्त्यावर काढायचा दिवस उजाडला. चिंगी स्टिअरिंगला, शेजारी बाबा, मागे आई आणि गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला बंब. इंजिन शिवणयंत्रासारखं टकटकत होतं. बाबांनी खिडकीवर हात ठेवला होता. हात कापत होता, पण अख्खी गाडीच थरथरत होती, त्यामुळे ते कुणाला कळतही नव्हतं. आई म्हणाली, "लग्नानंतर असंच फिरवलं होतंत मला, आठवतं?" बाबा म्हणाले, "तेव्हाही तू मागेच बसली होतीस. पुढे माझी आई होती." सगळे हसले.

चिंगी हसली नाही. पुलाचा चढ लागला आणि तिच्या नाकाला काहीतरी जाणवलं.

"पेट्रोलचा वास येतोय."

"जुनी गाडी आहे, येणारच थोडा," बाबा म्हणाले.

"तुला भास होत असेल गं," आई म्हणाली.

बंब म्हणाला, "नळी नवी आहे. मीच बसवलीय."

तिघे एकीकडे आणि तिचं नाक एकीकडे. मागून गाड्यांची रांग लागलेली. इतर वेळी ती लाजेने पुढे गेली असती… पण तिने भर पुलावर गाडी थांबवली आणि किल्ली काढली. "सगळे उतरा. आत्ताच्या आत्ता." हॉर्नचा गदारोळ उठला. कुणीतरी बायकांच्या ड्रायव्हिंगवर काहीतरी बोललं. तिने कुणालाच दाद दिली नाही. बाबांना धरून कठड्यापाशी नेलं.

बंबने मागचं झाकण उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

क्लिप सैल झाली होती. नळीच्या टोकाशी थेंब जमत होता, सुटत होता, पुन्हा जमत होता. खाली चटका बसेल इतकं तापलेलं इंजिन. अजून थोडा चढ, आणि…

त्याने क्लिप आवळली, सांडलेलं पुसून काढलं, झाकण उघडं ठेवून सगळं पुरतं निवू दिलं, आणि मग गाडी सावकाश घरी आणली. गॅरेजच्या दारात, आईबाबा वर गेल्यावर, तो म्हणाला, "तो स्क्रू मी अर्धवट आवळला होता. आवळताना मी तुमच्याकडे बघत होतो."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आमच्या कामात लक्ष उडालं की माणसं मरतात. आज तुमचे आईबाबा…" त्याने हातातलं फडकं गाडीवर ठेवलं. "मी आता येत नाही."

आणि खरंच तो आला नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये चिंगी एकटीच. गाडी छान चालत होती. दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. एरवी तिला हजार भीती असायच्या; आता एकच उरली होती आणि ती त्या हजारांहून जड होती. स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले, "चिंगे, पुलावर सगळ्यांनी हॉर्न वाजवले, तरी तू हलली नाहीस. मग आता कुणाची वाट बघतेयस?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने गाडी काढली, एकटीने. प्रत्येक सिग्नलला नाक वर करून वास घेत ती अग्निशमन केंद्रावर पोहोचली. आवारात उंच मनोऱ्यावर धुतलेले लांबलचक पाइप वाळत टांगले होते. त्याखाली बंब आपल्या कमरेचा पट्टा तपासत होता. ओढून पाहिला, बकल बघितलं, पुन्हा ओढून पाहिलं. तिला वाटलं, हा तर अगदी माझ्यासारखा…

"तुम्ही? गाडीला काही झालं का?"

"गाडी बरी आहे. मी बरी नाही."

तो उठून उभा राहिला. ती पाठ करून आलेलं बोलायला लागली आणि पहिल्याच वाक्याला पाठ केलेलं सगळं विसरली.

"हे बघ… मला तुझ्या नोकरीची भीती वाटते. घंटा ऐकली की पोटात गोळा येतो. तो गोळा रोज येईल, जन्मभर येईल. तू आला नाहीस तरी येतोच, मग तू येत का नाहीस? आणि तो स्क्रू… पुढच्या वेळी क्लिपा मी आवळीन. तू… तू बघत राहा ना."

त्याचे ओठ हलले. "चिंगी, मी—"

आणि आवारात घंटा घणघणली.

तो क्षणभरच थांबला. मग धावला. डगला, शिरस्त्राण, बूट, सगळं धावता धावता. लाल गाडी फाटकातून बाहेर पडली आणि आवार रिकामं झालं. एक पांढऱ्या मिशांचे साहेब तेवढे मागे राहिले होते. त्यांनी तिला बाकावर बसवलं, चहा दिला.

"घरी जा, बाई. कधी येतील सांगता येत नाही."

"मी बसते," चिंगी म्हणाली. चहा तसाच निवून गेला. आकाश भरून आलं, बारीक पाऊस झाला, थांबला. पाइपांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. सगळं वाईटच होतं. पण ती उठली नाही. भीती आपल्या जागी बसली होती आणि ती आपल्या.

मग फाटकाशी लाल रंग दिसला. गाडी पुरती थांबायच्या आत त्याने उडी टाकली, त्याबद्दल साहेब खेकसले, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. चिंगीने त्याला वरपासून खालपर्यंत नजरेने तपासलं. हात, चेहरा, उरलेली भुवई. सगळं जागच्या जागी.

"काय… काय पेटलं होतं?"

"दूध करपलं होतं. एक आजोबा गॅस बंद करायला विसरले." तो धापा टाकत होता. "त्यांनी सगळ्यांना बळंच बिस्किटं खायला लावली, नाहीतर लवकर आलो असतो."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. मागे त्याचे सगळे सोबती पाइप गुंडाळायचं सोडून कान देऊन उभे होते.

"अख्ख्या वाटेत एकच घोकत होतो," तो म्हणाला, "की ही निघून गेली असेल. इतका तर मी आगीला कधी घाबरलो नाही. लग्न करशील माझ्याशी?"

"अरे, हळू बोल… सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. करशील?"

चिंगीने आवाराकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसणाऱ्या साहेबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पोटात गोळा होताच. तो तिने तसाच राहू दिला.

"करीन," ती म्हणाली. "पण घरी सांगायला तू ये. मला एकटीला भीती वाटते."