कोलशेतच्या बंगल्यातला आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या मावसबहिणीच्या, रसिकाच्या समोर घडलंय. आणि भर दुपारी घडलंय.

मागच्या वर्षीचा मार्गशीर्षातला रविवार. कोलशेतला खाडीच्या बाजूचा जुना दगडी बंगला.

रसिका माजिवड्याला घरं विकायचं काम करते. त्या दिवशी ती कमलेश आणि त्याची बायको निशा यांना बंगला दाखवायला गेलेली. निशा भारी बडबडी. गाडीतून उतरल्यापासून तोंडाचा पट्टा चालूच.

"आधी कोण राहायचं हो इथे?"

"मालनताई म्हणून होत्या. एकट्याच. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

तिघं आत शिरली आणि...

खाडीवरच्या पाखरांचा आवाज एकदम बंद. खिडक्या तर सताड उघड्या होत्या.

जिन्याखाली उभी राहून निशा गमतीत ओरडली, "कोणी आहे का वर?"



मग वरून...

"कोणी आहे का वर?"

"घुमतंय गं," कमलेश म्हणाला.

तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. निशाचाच.

"आहे ना. या की."

निशा रसिकाला खेटून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले.

रसिकाने तिला धरून बाहेर ओढलं. कमलेश मागोमाग पळाला. अंगणात निशा त्याला काहीतरी सांगायला गेली. तोंड उघडलं... जीभ हलली...

आवाजच नाही.

फाटकाशी आवडाबाई बसलेली. जवळच्या कोळीवाड्यातली, मालनताईंकडे वर्षानुवर्षं धुणीभांडी केलेली. निशाकडे बघून तिने कपाळावर हात मारला.

"मालनबाय जल्माची मुकी व्हती गो..."

डॉक्टरांना निशाच्या घशात काहीच सापडलं नाही. आज ती मोबाईलवर लिहून बोलते. तिच्या चार वर्षांच्या मुलीला अजून वाचता येत नाही. "आई, बोल ना," म्हणत ती रडते.

रसिकाने त्या बंगल्याचं काम सोडलं.

गेल्या आठवड्यात तिला एका अनोळखी माणसाचा फोन आला.

"मॅडम, कोलशेतचा बंगला बघतोय. आवडला. वरच्या मजल्यावरच्या ताईंनी तुमचा नंबर दिला. किती गोड बोलतात हो! आमची मिसेस त्यांच्याशी गप्पा मारत बसलीय."

"तिला खाली बोलवा!" रसिका किंचाळली. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

फोन कट झाला.

तेव्हापासून रसिका रोज त्या नंबरवर फोन लावते.

फोन उचलला जातो. पलीकडे श्वास ऐकू येतो...

बोलत मात्र कोणीच नाही.