फोन वाजवा

पहिली पाल चुकचुकली ती बॅटरीपाशी. सकाळी चहा गाळता गाळता शिवानीनं आपल्या हरवलेल्या फोनचा ठावठिकाणा पुन्हा उघडून पाहिला, तर काल निम्म्याखाली आलेला चार्ज आज भरत आला होता. नकाशा, त्यावर एक हिरवा ठिपका, कोपऱ्यात बॅटरीचं इवलंसं चित्र. त्यात घाबरण्यासारखं काय असायचं? तरी गाळणी कलंडली आणि चहा ओट्यावर सांडला.

सोमशेखर अण्णाला, तिच्या थोरल्या भावाला, त्यात काही नवल वाटलं नाही. चोर फोन चार्ज करणार नाही तर काय त्याची आरती करणार, म्हणाला, आणि डबा घेऊन कामावर निघाला. आठवड्यापूर्वी गुरम्मा आत्या गेली. त्या दिवशी भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत सगळी आळी लोटली होती. अक्कलकोटकडचे पाहुणे टेम्पो भरून आले होते. त्या गर्दीत कुणीतरी हात मारला, हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. चौकीत तक्रारही दिली होती. खोक्यावरचा नंबर द्या, फोन कायमचा बंद करून टाकू, कुणाच्याच कामाचा राहणार नाही, असं हवालदार म्हणाले होते. पण सोमशेखरला फोन बंद करायचा नव्हता, चोर धरायचा होता. संध्याकाळी हवालदारांना घेऊन ठिपक्यावर जातो, जाता जाता त्यानं सांगितलं. फोन मिळाला की आधी उघडून बघू, चोरानं त्यात काय काय उद्योग केलेत ते.

शिवानीला खरी भीती होती ती ह्या शेवटच्या वाक्याची. त्या फोनमध्ये एजाजचे मेसेज होते, दोघांचे फोटो होते. कॉलेजात बरोबर शिकलेला एजाज. घरात त्याचं नाव एकट्या आत्याला ठाऊक होतं, आणि आत्यानं ते पोटात ठेवलं होतं. अण्णानं ते पाहिलं तर तिचं पुढचं शिकणं, घराबाहेर पडणं, सगळं त्याच दिवशी संपणार होतं. सगळं पुसून टाकायचं बटण त्या पानावर होतं. पण पुसलं की ठिपकाही जातो, आणि का पुसलंस ह्याला उत्तर काय द्यायचं? म्हणून ती दुसरंच बटण दाबत राहिली होती. ‘फोन वाजवा.’ आवाज बंद करून ठेवलेला फोनसुद्धा त्यानं पाच मिनिटं ठणाणा वाजतो. वाजवून वाजवून चोर वैतागेल, कुठंतरी फेकून देईल, एवढीच तिची आशा. सकाळ-दुपार-संध्याकाळ, सुचेल तेव्हा दाबायची. हे सगळं ती करत होती आत्याच्याच जुन्या फोनवरून. तो आता तिच्याकडे आला होता.

इतके दिवस ठिपक्याभोवती अंदाजाचं मोठं वर्तुळ असायचं. त्यात वस्ती यायची, गॅरेज यायचं, बंद पडलेला कारखाना यायचा. आज वर्तुळ आवळून ठिपक्याएवढं झालं होतं. तिनं नकाशा मोठा केला आणि नाव वाचलं. रुद्रभूमी, त्यांच्या समाजाची दफनभूमी. आत्याला जिथं माती दिली होती तीच.

संध्याकाळच्या आत पोचायला हवं होतं. ती रिक्षा करून निघाली, भर दुपारी.

सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रुद्रभूमीच्या फाटकाआत लिंबाची दोन झाडं होती, पण त्यांचं पान हलत नव्हतं. तापलेल्या मातीचा वास, त्यात सुकलेल्या झेंडूचा आणि बेलाचा. इतकी शांतता, की तिला स्वतःच्या चपलांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला आणि ती दोनदा मागं वळली. राखणदार धुळाप्पा सावलीत बसला होता. इथं कुणी फोन घेऊन येऊन बसतं का, असं तिनं चाचरत विचारलं.

“चोर हितं कशाला येतोय, बाई? हितनं न्यायचं तरी काय?” तो म्हणाला. मग जरा थांबून, आवाज उतरवून, “पर वाजतंय कायतरी, ते खरं हाय. दिसातनं लई येळा. मला वाटलं, भाईरच्या रस्त्याला आसंल...”

चालता चालता त्यानं आत्याची रांग दाखवली. तिथल्या जुन्या-नव्या साऱ्या मातीवर भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या. कालच पाणी मारून लिंपली होती, तो म्हणाला, परत तडकली.

“उन्हानं?” शिवानीनं विचारलं.

“व्हय. उन्हानंच की,” तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. आणि तिथून पुढं काही तो आला नाही.

ती एकटीच आत्याच्या मातीपाशी उभी राहिली. घामानं निसटणाऱ्या अंगठ्यानं तिनं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून, पालथ्या रांजणातून यावा तसा, तिच्याच फोनचा सूर आला.

आणि तिला सगळं लख्ख आठवलं. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. आत्याला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं, विधी करणारे स्वामी तिला बांधत होते आणि आत्याची मान सारखी कलत होती. मान धर गं, कुणीतरी म्हणालं. धरायला दोन्ही हात हवे होते. शिवानीच्या हातात फोन होता. तो तिनं आत्याच्या मांडीवर, नव्या लुगड्याच्या घोळात खुपसला आणि मान धरली. मग घंटा, विभूती, बेल, रडारड. फोन तिनं परत घेतलाच नव्हता.

तिला हसू फुटलं, रडण्यासारखं. चोर नव्हताच. अण्णा शोधून शोधून काय शोधणार? इथं खणायला कुणी धजणार नाही. सगळ्यात पक्क्या कुलपात होता तिचा फोन. आता पुसायचं बटण दाबलं की झालं, पुढं कसलीच भीती नाही. तिनं पान उघडलं, अंगठा नेला. बॅटरी पूर्ण भरली होती.

तेवढ्यात खालचा सूर थांबला.

पाच मिनिटं झाली नव्हती. एक मिनिटसुद्धा नाही. फोन हातात घेऊन कळ दाबल्याशिवाय तो आवाज मधेच थांबत नाही... हे तिला ठाऊक होतं.

पळ, मन म्हणत होतं. पुसून टाक आणि पळ. पण दुसरा विचार त्याहून वाईट होता. डॉक्टर आले होते, त्यांनी नाडी पाहिली होती, कागद दिला होता. आणि डॉक्टर चुकले असतील तर? एवढ्या दिवसांनी... शक्य नाही, शक्यच नाही. तरी पुसलं, तर खाली पोचणारी एकुलती एक वाट ती आपल्या हातानं तोडणार होती. आणि खाली होती ती आत्या होती. जिनं तिचं गुपित शेवटपर्यंत सांभाळलं, ती.

तिनं पुसायचं पान बंद केलं. आत्याच्या फोनमध्ये शिवानीचा नंबर ‘शिवव्वा’ नावानं होता. तो लावला. खाली अंधारात आता पडद्यावर आत्याचंच नाव उमटत असेल, हे मनात यायला नको होतं, तरी आलं.

घंटी वाजत राहिली. कानात, आणि पायाखाली. लिंबावरून एक कावळा आवाज न करता उडाला. फाटकापाशी धुळाप्पा दिसत नव्हता. तिनं डोळे मिटले. उचलू नकोस, ती पुटपुटली. मग, उचल गं... मग पुन्हा, उचलू नकोस.

पायाखालचा सूर तुटला. कानातली घंटी थांबली. पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता.

बराच वेळ नुसती खरखर, कोरडी, मीठ सांडल्यासारखी. मग आवाज आला. आत्याचाच, पण दबका. आजूबाजूला कुणी निजलेलं असलं की माणूस बोलतं, तसा.

“सारकं वाजवू नगं गं, शिवव्वा... हितं सगळी जागी झाल्याती.”