कडी बाहेरून होती

दिवा तिथेच राहू दे, तुम्ही जरा अलीकडे सरका. मोठ्याने सांगायची गोष्ट नाही ही.

ती शाल आणायला गेली होती, एवढंच काम. शूटिंगच्या बंगल्यात दिवे लावायचं चाललं होतं. कपडेवाली बाई सुई ओठात धरून म्हणाली, "चिमणे, वरच्या खोलीतल्या कपाटात करडी शाल टांगलीय, तेवढी घेऊन ये गं. माझे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात." चांगली घोडी झाली होती पोरगी, तरी सगळे तिला चिमणीच म्हणायचे. लहानपणी त्या नावाने पडद्यावर गाजली होती ना! नाव एकदा गाजलं की अंगाला चिकटतं, माणूस वाढला तरी ते वाढत नाही.

बाहेर भर दुपार होती आणि बंगल्यात रात्र. सिनेमातली रात्र अशीच दुपारी करतात. खिडक्यांना काळी कापडं ठोकायची, फटी चिकटपट्टीने बुजवायच्या, मग आत स्वतःचा हात दिसेल तर शपथ. कठडा चाचपत ती जिना चढली. उन्हाने तापलेल्या कापडांचा वास नाकात बसत होता. त्याच्याखाली जुन्या लाकडाचा वास, डांबरगोळ्यांचा वास. आणि त्याच्याही खाली, ओल्या झालेल्या फ्रॉकचा.

तो शेवटचा वास तिला ओळखीचा होता.

कपाट भिंतीतलं होतं, उंच, दोन दारांचं, बाहेरून पितळी कडी. तिने कडीला बोट लावलं आणि आतून आवाज आला. ठक... ठक... ठक. मोठ्या माणसाची मूठ नव्हती ती. छोटी बोटं होती, आणि आवाज खालून येत होता, तिच्या कमरेच्याही खालून.

शाल न घेताच ती उतरली.

"काय गं, सापडली नाही?"

"दार अडकलंय," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची आई बसली होती. आईने घसा खाकरला. खं-खं. ही तिची जुनी सवय. मनात काही खुपलं की आधी दोनदा खाकरायचं आणि मग साखरेसारखं बोलायचं. "असू द्या हो, मी आणते. पोरगी दमलीय माझी."

आता मागचं सांगते, म्हणजे पुढचं उमगेल.

सहा वर्षांची होती चिमणी, तेव्हा याच बंगल्यात, याच कपाटात तिला कोंडलं होतं. सिनेमात ती अनाथ पोर. मामा तिला कपाटात कोंडतो, दार उघडतं आणि ती रडत बाहेर येते, असा शॉट होता. पण पोरीला रडूच येईना. सगळे कौतुक करत होते, हातात खाऊ होता, कशाला रडेल ती? मग दिग्दर्शकाने, साहेब म्हणायचे त्याला सगळे, खरोखरची कडी घातली. फटीला तोंड लावून म्हणाला, "चिमणे, तुझी आई मोटारीखाली आली. आता नाही यायची ती." आणि हा बाबा गेला चहा प्यायला! पोर आत किंचाळली, दार ठोकठोक ठोकलं तिने, ठोकून ठोकून आवाज बसला. मग कॅमेरा लावून कडी काढली.

दार उघडल्यावरचा तो चेहरा भिंतीभिंतीवर चिकटला. थिएटरात बायका हुंदके देऊन रडल्या. काय अभिनय म्हणाले, काय जाण म्हणाले एवढ्याशा पोरीला. अभिनय म्हणे! मांजराच्या शेपटीवर पाय द्यायचा आणि वर त्याच्या गाण्याचं कौतुक करायचं, त्यातली गत.

संध्याकाळी आई आली. तिला उराशी धरून म्हणाली, "मी बाजारात गेले होते गं सोन्या. मला काय ठाऊक या मेल्यांनी असं केलं ते!" चिमणीने विश्वास ठेवला. न ठेवून जाणार कुठे? साऱ्या जगात तेवढं एक माणूस होतं तिचं.

त्या दिवसानंतर तिच्या डोळ्यांना पाणी म्हणून आलं नाही. रडायचं काम असलं की ग्लिसरीन घालायचे. दुधाचा दात ऐन शूटिंगमध्ये पडला तेव्हा मेणाचा दात चिकटवला आणि बजावलं, जीभ लावायची नाही. अंग भरायला लागलं तेव्हा आईने पट्ट्या आवळून छाती सपाट केली, वय चोरलं, कारण फ्रॉकमधली कामं हातची जायला नकोत. श्वास घेताना दुखायचं पोरीला. पण उंची कुठे आवळता येते? शेवटी लहान भूमिकेला ती मोठी झाली आणि मोठ्या भूमिकेला लहान. ज्यांनी मांडीवर बसवून फोटो काढून घेतले होते ते फोन उचलेनात. वर्षं अशीच घरात गेली, आईच्या उसाशांमध्ये. आणि मग त्याच साहेबाचा निरोप आला. जुन्या सिनेमाची पुढची गोष्ट काढतोय, तीच पोर मोठी होऊन त्या घरात परत येते. नायिका तू.

पहिली मोठी भूमिका. नाही कसं म्हणायचं?

लहानपणच्या आठवणींसाठी एक नवी पोर आणली होती. छोटी म्हणायचे तिला. पुढचे दात पडलेली, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारी, चिमणीला "मोठी मी" म्हणून हाक मारणारी. जुना शॉट नव्या सिनेमात जुळत नव्हता, म्हणून तो पुन्हा घ्यायचा होता. त्याच कपाटात. छोटीचा.

तर त्या दुपारी आधी चिमणीचा शॉट होता. वरच्या खोलीत, कपाटासमोर उभं राहून रडायचं.

"ग्लिसरीन नाही," साहेब म्हणाला. "या वेळी खरं पाहिजे मला."

ती उभी राहिली. दिवे तापले, कॅमेरा फिरला, डोळे कोरडे ते कोरडेच. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. साहेबाने टोपी काढून आपटली. "आत काही शिल्लक आहे की नाही तुझ्या? का नुसतीच उंची वाढवलीस? असंच चाललं तर दुसरी मुलगी बघतो मी."

दारातून आईने खाकरलं. "मनावर घे गं बाळा. काय काय सोसलंय आपण, ते आठव." आणि खोलीबाहेरच्या, काळ्या कापडाने झाकलेल्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

आपण म्हणे!

शॉट बाजूला राहिला. मग आवाज टेप करणारा माणूस पुढे आला. कानांवरचे ते ऐकायचे गोळे कधी उतरवायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कानवाला. तो म्हणाला, "तोवर खोलीची शांतता घेतो." हीही एक पद्धत आहे त्यांची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणतात. ती टेप करून ठेवायची आणि नंतर बोलण्याच्या मधेमधे भरायची. तेवढा वेळ सगळ्यांनी दगडासारखं उभं राहायचं, कपडाही सळसळायला नको.

कानवाल्याने हात वर केला. सगळे थिजले. काळ्या कापडांमागे ऊन होतं, पण इथे फक्त अंधार आणि तापलेल्या दिव्यांची बारीक कटकट.

कानवाल्याच्या कपाळाला आठी पडली. "कोण पोर रडतंय? छोटीला बाहेर न्या रे."

"छोटी खाली आहे, बिस्किट खातेय," कुणीतरी म्हणालं.

त्याने पुन्हा हात वर केला. पुन्हा शांतता. त्याने गोळे उतरवले आणि चिमणीकडे धरले.

"चिमणीताई... तुम्हीच ऐका. ती... तुमचं नाव सांगतेय."

तिने ते कानांवर चढवले. आधी नुसती घूं ऐकू आली. मग ठक, ठक, ठक. मग बसलेल्या घशातून, लाकडाच्या पलीकडून, "आई... मी चिमणी... मी शहाण्यासारखी वागेन... दार उघड ना..."

तिचाच आवाज. मेणाचा दात लागायच्या आधीचा.

आणि मग अगदी जवळून, दाराच्या अलीकडून, दबक्या आवाजात कुणीतरी खाकरलं. खं-खं.

त्याबरोबर रडणं थांबलं. आत एकदम चिडीचूप. मग श्वास ऐकू आला. दात आवळून घेतलेला, लांब.

चिमणीला तेव्हा कळलं. पोरीने ऐकलं होतं! आई मेलेली नाही, दाराशी उभी आहे, हे त्या पोरीला आत कळलं होतं. भिंतीभिंतीवर लागलेला तो चेहरा दुःखाचा नव्हताच कधी. तो संताप होता. आणि तो विसरायला म्हणून चिमणी त्या संतापलेल्या पोरीला कपाटातच सोडून आली होती. भूत काय मेलेल्याचंच होतं होय?

ती व्हरांड्यात गेली. "आई, त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"बाजारात. किती वेळा सांगू?"

"दाराशी होतीस."

आईने पदर सावरला. मग म्हणाली, "हात कडीवरच होता गं माझा. साहेब म्हणाले, एकच मिनिट... पोरीच्या जन्माचं सोनं होईल. झालं की नाही? आज नायिका आहेस!"

"ती ऐकत होती, आई."

"कोण?"

एवढ्यात आतून साहेबाचा आवाज आला. "छोटीला आणा वर. आणि तिच्या आईला द्या पाठवून बाजारात."

छोटीची आई जिन्यावर होती, किडकिडीत, पोरीचा हात घट्ट धरलेली. "साहेब, अंधाराला फार घाबरते हो ती..."

"एकच मिनिट, बाई. सोनं होईल पोरीचं." आणि ओरडला, "दिवे घालवा!"

दिवे गेले. काही दिसेना. कडी पडल्याचा आवाज आला. खट. आणि पाठोपाठ ठक... ठक... ठक.

चिमणी धावली. अंधारात साहेबाचा हात मधे आला.

"कडीला हात लावलास तर भूमिका गेली! समजून अस!"

"आणा दुसरी," ती म्हणाली. "तिलाही कपाटातच ठेवा, म्हणजे उंची वाढायची नाही!" तिने त्याला असा ढकलला की तो दिव्यांच्या काठ्यांवर कोसळला. तिने कडी ओढली आणि अंधारात हात घातला. एक लहानगा, तापलेला, घामेजलेला हात तिच्या हातात आला.

"चल," ती म्हणाली. "चल बाळा, संपलं."

पोर रडत नव्हती. पाऊल तेवढं वाजत होतं, तिच्या पावलामागे एक, अनवाणी. मागून साहेब विव्हळत विचारत होता, "कॅमेरा चालू होता का रे?" जिना उतरून, दाराचं काळं कापड फाडून, ती भर उन्हात अंगणात आली.

पायरीवर छोटी बसली होती. तिची आई तिच्या बुटाची नाडी बांधत होती आणि रागाने रडत होती. "मी नाही नेली हो तिला वर. दिवे जाताच मागे फिरले. जाऊ दे काम गेलं तर."

चिमणीने आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ अर्धी मिटलेली होती, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. मग ती मूठ हळूहळू उघडली. तिने उघडली नव्हती. तळवा ओला होता.

मागून आई आली, धापा टाकत. "काय करून बसलीस गं! हातातोंडाशी आलेलं..." चिमणी गाडीत चालकाशेजारी जाऊन बसली. मागच्या सीटवर आई एकटीच.

गाडी फाटकाबाहेर पडली तशी आई दाराकडे सरकली. अंग चोरून, कुणाला जागा दिल्यासारखी.

"काय झालं?" चिमणीने मागे न बघता विचारलं.

"काही नाही... असंच." आणि आईने घसा खाकरला. खं-खं.

तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवरून, बारीक आवाजात, उत्तर आलं. खं-खं.

चिमणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती.

आई अजून आहे. घरातल्या सगळ्या कपाटांची दारं तिने काढवून टाकलीत. घसा खवखवला तर उशीत तोंड खुपसते, पाणी पिते, जीव गेला तरी खाकरत नाही. पण सवय ती सवय, कधीतरी सुटून जातं, आणि लगेच शेजारून उत्तर येतं.

परवा मात्र ती अगदी गप्प बसली होती म्हणे, तोंडावर दोन्ही हात दाबून. आणि आधी उत्तर आलं.